चि. गौरीस, मानवी हक्कांच्या कामाविषयी

दांडिया बाजार, बडोदे

प्रिय चि. गौरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

दहावीनंतरच्या या सुट्टीत मानवी हक्कांच्या एखाद्या संस्थेत स्वयंसेवक म्हणून जाऊ का, असे तू मामाकडून फोनवर विचारलेस आणि मी लगेच होकार दिला. मात्र तुझ्या वयाच्या मुलीला त्या कामात नेमके काय करता येते, हे फोनवर नीट सांगून झाले नसते, म्हणून हे पत्र.

मोर्चे आणि भाषणे तुझ्या डोळ्यांपुढे असतील, आणि त्यांचे मोल मी कमी मानत नाही. पण हक्क कायद्यात लिहिला गेला तरी तो माणसाच्या पदरात पडेपर्यंत बरीच वाट उरते. आपल्याच शहराचे पाहा. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्यास आले. राजाश्रय, पदवी आणि हुद्दा असे सारे असूनही जातीमुळे त्यांना इथे राहायला जागा मिळाली नाही. त्याच महाराजांनी १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण संपूर्ण संस्थानात सक्तीचे व मोफत केले होते. हुकूम चांगला असूनही तो घराघरांत पोहोचवणारी माणसे लागतात, आणि तुझे काम तिथे आहे, असे मला वाटते.

शिक्षणहक्काचेच उदाहरण घे. २००९ च्या कायद्याने विनाअनुदानित खासगी शाळांतील प्रवेशाच्या वर्गात किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी ठेवल्या आहेत, परंतु अर्ज ऑनलाइन भरावा लागतो आणि त्याला जन्मदाखला, रहिवासाचा व उत्पन्नाचा पुरावा अशी कागदपत्रे जोडावी लागतात. दिवसभर धुणीभांडी करणाऱ्या आईला हे एकटीने जमणे कठीण असते. तुला गुजराती, मराठी आणि हिंदी तिन्ही सहज वाचता-बोलता येतात. एखाद्या वस्तीतल्या मदत-केंद्रावर बसून तू मोठ्यांच्या देखरेखीखाली असे अर्ज भरून दिलेस, प्रत्येक रकाना त्या आईला वाचून दाखवलास आणि पोचपावती तिच्याच हाती दिलीस, तर ते मानवी हक्कांचे अस्सल काम होईल.

त्याहूनही मला तुझ्यासाठी मनापासून सुचवावेसे वाटते ते लेखनिकाचे काम. दृष्टिहीन विद्यार्थ्याला परीक्षेत लेखनिक, म्हणजे तो सांगेल ते उत्तर लिहून देणारा मदतनीस, आणि तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ मिळण्याची तरतूद आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा त्याच्या पाठीशी आहे. अडचण असते ती लेखनिक मिळण्याची, कारण तो साधारणपणे परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला असावा लागतो. म्हणजे बारावीच्या विद्यार्थ्याला पदवीधर मनुष्य उपयोगाचा नाही, अकरावीतली तू उपयोगाची आहेस. हे काम दिसते तितके सोपे नाही. तो सांगेल तेच, तसेच लिहायचे. त्याचे वाक्य चुकले तरी सुधारायचे नाही, उत्तर सुचवायचे नाही, आणि तो विचार करत थांबला तर आपणही शांत थांबायचे. आकृत्या आणि गणिते कशी सांगितली जातात, याचा सराव त्याच्याबरोबर आधी करावा लागतो. शिवाय एकदा शब्द दिला की लग्नकार्य असो वा ताप, ऐनवेळी नाही म्हणता येत नाही, कारण त्यात दुसऱ्याचे वर्ष जाते. दुसऱ्याच्या हक्काचा मान ठेवणे म्हणजे काय, हे इतक्या जवळून शिकवणारे दुसरे काम मला ठाऊक नाही.

माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा सर्व नागरिकांना हक्क देतो आणि त्यात वयाची अट नाही. आपल्या भागातल्या शाळांत मुला-मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी आणि अपंग मुलांना अडथळ्याविना आत जाण्याची सोय आहे का, हे तुम्ही मैत्रिणी मिळून विचारू शकता. सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

काही मर्यादा मात्र मी तुझ्यावर घालणार आहे. हॉटेलात किंवा कारखान्यात लहान मूल राबताना दिसले तर मालकाशी वाद घालायचा नाही. १०९८ या चाइल्डलाइन क्रमांकावर कळवायचे, तो २४ तास मोफत चालतो. अत्याचाराची शंका आली तर मुलाला प्रश्न विचारत बसू नकोस, संस्थेतल्या जबाबदार व्यक्तीला त्याच दिवशी सांग आणि घरी येऊन मलाही सांग. अशा मुलाची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई आहे. वस्तीतल्या कोणाचाही फोटो समाजमाध्यमांवर टाकायचा नाही, तो कितीही कौतुकाचा असला तरी. जी संस्था लहान मुलांना केवळ फोटोसाठी पुढे करते किंवा प्रमाणपत्राचे पैसे मागते, तिथे मी तुला पाठवणार नाही.

परत येण्यापूर्वी १९४८ च्या मानवी हक्क जाहीरनाम्याची ३० कलमे वाचून ये. आपल्या बडोद्याच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला ज्यांचे नाव आहे, त्या हंसाबेन मेहता हा जाहीरनामा तयार करणाऱ्या आयोगावर भारताच्या प्रतिनिधी होत्या.

निकाल लागून अकरावीचा प्रवेश उरकला की आपण दोघी लेखनिकांची नोंद करणाऱ्या एखाद्या संस्थेत जाऊन येऊ. तू अठरा वर्षांखालील असल्याने पालकाची लेखी संमती मागतील, ती मी लिहून ठेवते. आठवड्यातले कोणते दोन तास तू अभ्यास सांभाळून खात्रीने देऊ शकशील, ते मात्र तू ठरवून मला कळव. मामा-मामींना नमस्कार सांग.

तुझी,
आई