अकरा महिन्यांच्या करारात दुरुस्तीचे कलम कुठे आहे?

महोदय,

पाऊस सुरू झाला की भाड्याच्या घरांतून ठरावीक तक्रारी येतात: भिंतीला ओल, छतातून ठिबक, मालक फोन उचलत नाही. मग कुणीतरी सल्ला देतो की 15 दिवसांची नोटीस द्या, दुरुस्ती करून घ्या आणि खर्च भाड्यातून कापा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 14 मध्ये ही तरतूद आहे खरी. वर्षभरात कापायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त नसावी. पण हा हक्क भाडेकरूचा आहे. पुण्या-मुंबईत अकरा महिन्यांच्या करारावर राहणारे बहुतेक जण कायद्याच्या लेखी भाडेकरू नसतातच. ते लीव्ह अँड लायसन्सवरचे, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी मिळालेले, परवानाधारक असतात. त्यांनी परस्पर पैसे कापले तर मालक ती थकबाकी दाखवून घर रिकामे करायला सांगू शकतो. विनाकारण पाणी-वीज तोडायला मनाई करणारे कलम 29 देखील 'भाडेकरू' हाच शब्द वापरते.

परवानाधारक अगदीच उघड्यावर नाही. त्याच कायद्याच्या कलम 28 नुसार मालकाने घर पाहायला यायचे ते आधी कळवून आणि योग्य वेळी. हे परवान्याच्या घरालाही लागू आहे. दुसरी किल्ली जवळ आहे म्हणून केव्हाही दार उघडता येत नाही. 1882 च्या इझमेंट कायद्याच्या कलम 57 प्रमाणे, जीविताला किंवा सामानाला धोका होईल असा दोष मालकाला ठाऊक असेल आणि राहणाऱ्याला नसेल, तर तो सांगणे मालकावर बंधनकारक आहे. सैल झालेला स्लॅब, उघडी वायरिंग ही त्याची साधी उदाहरणे.

बाकी सगळी भिस्त करारावर. एजंट छापील मसुदा पुढे करतो, आपण अंगठा लावतो, आणि त्यात दुरुस्तीबद्दल 'किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याने करावी' एवढीच ओळ असते. किरकोळ म्हणजे काय, यावरच पुढे भांडण होते. म्हणून नोंदणीआधी चार गोष्टी लिहून घ्याव्यात. गळती, भिंतीतले पाइप, वायरिंग, ड्रेनेज मालकाकडे. नळाचे वॉशर, बल्ब राहणाऱ्याकडे. लेखी कळवल्यापासून किती दिवसांत काम व्हायचे, आणि न झाल्यास राहणाऱ्याने ते करून बिलाची रक्कम पुढच्या भाड्यातून वळती करण्यास मालकाची संमती. घर राहण्याजोगे उरले नाही तर लॉक-इन (घर सोडता येत नाही ती ठरलेली मुदत) संपेल, आणि ताबा परत देताना त्याच दिवशी डिपॉझिट मिळेल. ताब्याच्या दिवशी काढलेले भिंती, छत, न्हाणीघर यांचे तारखेसह फोटो दोघांच्या ईमेलवर. तक्रारही फोनवर न करता ईमेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनच करावी, कारण मुदत कधी सुरू झाली हे दाखवावे लागते.

गोंगाटाचे तसे नाही. तिथे तुम्ही मालक की परवानाधारक हे कुणी विचारत नाही. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी भागात मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबल आहे. खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेच्या फार तर 5 डेसिबल वर जाऊ शकतो. पोलिसांच्या 112 या क्रमांकावर तक्रार करता येते, आणि भोंग्यांच्या तक्रारींत तक्रारदाराचे नाव समोरच्याला कळू देऊ नये, असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये पोलिसांना बजावले आहे. घरमालकाच्या भीतीने गप्प बसणाऱ्यांना हे माहीत असायला हवे.

राज्यात हे अकरा महिन्यांचे करार लेखी आणि नोंदणीकृत असणे भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 55 प्रमाणे सक्तीचे आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. मग नोंदणी विभागाने एवढे करावे: दुरुस्ती कोणाची आणि किती दिवसांत, हे दोन रकाने भरल्याशिवाय ऑनलाइन करार पुढे सरकू देऊ नये.

– भाडेकरारांचे काम पाहणारे कार्यकर्ते, पुणे