कद्दीश हा अडथळा नव्हे

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील, एली विझेल यांच्या ‘नाइट’ या नाझी छळछावण्यांतील स्वतःच्या किशोरवयाच्या आठवणींच्या पुस्तकावरील लेख मी त्याच दिवशी दोनदा वाचला आणि पत्र लिहायला मुद्दाम सोमवार उजाडू दिला, कारण रविवारी लिहिले असते तर ते आपल्याला छापता आले नसते. आपल्या लेखाच्या लेखकांचे वाचन दांडगे आहे आणि भाषा ओघवती आहे, याबद्दल दुमत नाही. मात्र ‘ज्यू प्रार्थना व कर्मकांडाचे तपशील मराठी वाचकाला अडखळायला लावतात, ते ओलांडले की हाती उरते ती एका मुलाच्या नास्तिक होण्याची कहाणी’ या त्यांच्या वाक्यापाशी जो वाचक अडखळला, तो मराठीच आहे. अलिबाग तालुक्यात जन्मलेला, मराठी शाळेत शिकलेला आणि जन्माने बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातला. आमच्या पूर्वजांना कोकणात ‘शनवार तेली’ म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. इतक्या वर्षांच्या शेजारानंतरही ‘मराठी वाचक’ म्हणताना आम्ही कोणाच्या ध्यानात येत नाही, हे आता अंगवळणी पडले आहे. तक्रार त्याची नाही.

तक्रार अशी आहे की, जे तपशील ओलांडायला सांगितले आहेत ते ओलांडले तर या पुस्तकात फारसे काही उरतच नाही. मे 1944 मध्ये विझेल यांच्या सिगेट या गावाहून निघालेली गाडी ऑश्विट्झच्या बिर्केनाऊ छावणीत पोहोचते, पुरुष एकीकडे व स्त्रिया दुसरीकडे अशी विभागणी होते, आई आणि धाकटी बहीण त्सिपोरा दृष्टीआड होतात, आणि आगीच्या खड्ड्यांकडे चालत निघालेल्या त्या रांगेत कोणीतरी कद्दीश म्हणू लागतो. कद्दीश ही मृतांसाठी म्हणायची प्रार्थना आहे. ती जिवंत माणसांनी स्वतःसाठीच म्हटल्याचे इतिहासात पूर्वी कधी घडले होते का, असा प्रश्न त्या पंधरा वर्षांच्या मुलाला पडतो. शेजारी वडील पुटपुटत असतात, ‘यितगदल वेयितकदश शेमे रब्बा’. या प्रार्थनेत मृत्यूचा उल्लेख नाही, मृताचे नावही नाही. आहे ती केवळ देवाच्या नावाची थोरवी. म्हणूनच मुलगा संतापतो, की या नावाची थोरवी मी का गावी? शब्दांचा अर्थ ज्याला ठाऊक नाही त्याला तो संताप कळायचा कसा? आपल्या लेखकांना तो ‘नास्तिकतेची पहिली पायरी’ वाटला. जो नाहीच, त्याच्यावर कोणी इतके रागावत नाही.

योम किप्पुरचेही, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाचेही, तेच. जुनी कोकणी माणसे ज्याला दारफाळणीचा सण म्हणत, त्या दिवशी कडक उपास असतो. ऑश्विट्झचाच भाग असलेल्या बुनाच्या छावणीत त्या दिवशी मुलगा सूप पितो, हा प्रसंग लेखकांनी पुरावा म्हणून पुढे केला आहे. पण विझेल यांनी स्वतः आधी दुसरेच कारण दिले आहे: उपास करायचा नाही असे वडिलांनी बजावले होते, म्हणून वडिलांसाठी. देवाविरुद्धचे बंड त्यानंतर येते. देवाची आज्ञा मोडायची की बापाची, एवढाच पर्याय समोर असताना मुलाने बापाची पाळली. हे वाक्य लेखात का नाही, याचे उत्तर मला मिळाले तर आनंद होईल. छावणीत फासावर लटकलेल्या मुलाचा प्रसंग मात्र लेखात सविस्तर आहे. तो सगळ्यांच्याच लेखांत असतो.

आता अकिबा ड्रुमर, विझेल यांच्यासोबतचा एक कैदी. या गृहस्थाला आपल्या लेखात जागा मिळाली नाही. गॅसने मारण्यासाठी निवड झाल्यावर हा माणूस सोबत्यांकडे एवढेच मागतो की तीन दिवसांनी चिमणीतून धूर निघताना दिसेल तेव्हा दहा जण जमवा आणि माझ्यासाठी कद्दीश म्हणा. सगळे कबूल करतात. पुढचे दिवस फार वाईट जातात, खाण्यापेक्षा मार अधिक मिळतो, आणि ते कद्दीश म्हणायला विसरतात. विझेल एवढे लिहून पुढे जातात.

मला पुढे जाता येत नाही. 1996 च्या जुलै महिन्यात माझे वडील गावी वारले. पाऊस इतका होता की दफनासाठी खणलेल्या खड्ड्यातले पाणी बादल्यांनी उपसावे लागत होते. कद्दीश म्हणायला दहा प्रौढ यहुदी पुरुष लागतात. नऊ चालत नाहीत. आसपासची बरीच घरे तोवर कुलूपबंद होती, माणसे कधीच इस्राएलला गेलेली. सकाळपासून निरोप धाडून आम्ही माणसे जमवत होतो, तिघांनी नक्की येतो म्हणून कळवले होते आणि आई दारात उभी राहून मोजत होती. संध्याकाळपर्यंत सात झाले. आमचे कोळी शेजारी, जे सकाळपासून भिजत उभे होते, मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘आम्हाला धरून दहा होत नाहीत का रे?’ त्यांना धरले असते तर चाळीस झाले असते. काय उत्तर द्यावे ते मला सुचले नाही. त्या दिवशी कद्दीश झाले नाही. ते मी आठवडाभराने ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरात, म्हटले. न आलेल्या तिघांना ना मार बसत होता, ना ते उपाशी होते. त्यांच्यापैकी एकाने नंतर सांगितले की घाटात गाड्या अडकल्या होत्या. असतीलही.

तेव्हा ‘कर्मकांड’ हा शब्द छापताना आपण जरा थांबायला हवे होते. पुस्तकाच्या शेवटाकडेही हाच धागा आहे. जानेवारी 1945 मध्ये बर्फातून धावत असताना एक वृद्ध रब्बी (ज्यू धर्मगुरू) मागे पडतो आणि त्याचा मुलगा ते पाहूनही पुढे निघून जातो. मला असे वागायची पाळी येऊ देऊ नको, अशी प्रार्थना त्या वेळी विझेल करतात, तीही ज्याच्यावर आता विश्वास उरला नाही त्या देवाकडे. मग बुखेनवाल्डची छावणी येते. आजारी वडील पाणी मागत हाका मारतात, अधिकारी त्यांच्या डोक्यावर घाव घालतो, आणि मुलगा भीतीने जागचा हलत नाही. 29 जानेवारीच्या पहाटे तो उठतो तेव्हा वडिलांच्या जागी दुसराच रुग्ण असतो. वडिलांचा शेवटचा शब्द त्याचे नाव होते, आणि त्याने ओ दिली नव्हती. कबरीवर प्रार्थना झाली नाही, मेणबत्ती लागली नाही, हे विझेल नोंदवून ठेवतात. नास्तिक झालेला माणूस असा हिशेब कशासाठी ठेवील? पुढे आत्मचरित्रात त्यांनी स्पष्टच लिहिले आहे की देवावरची श्रद्धा आपण कधी सोडली नाही, बंड केले ते त्याच्या न्यायाविरुद्ध. लेखकांना त्यांचे म्हणणे पटले नाही तर हरकत नाही, ते निदान सांगायला हवे होते.

जाता जाता आणखी दोन गोष्टी. पुस्तक ‘मूळ इंग्रजी’ नाही. ते आधी यिद्दिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातील ज्यूंच्या बोलीत, 1956 साली ब्युनॉस आयर्स येथे निघाले. पुष्कळ छाटलेली फ्रेंच आवृत्ती 1958 ची आणि इंग्रजी 1960 ची. दुसरे असे की लेखासोबत फळ्यांवर दाटीवाटीने पडलेल्या कैद्यांचे जे छायाचित्र आहे, त्याखाली आपण ‘ऑश्विट्झ’ छापले आहे. ते बुखेनवाल्डचे आहे, सुटकेनंतर पाच दिवसांनी, 16 एप्रिल 1945 रोजी घेतलेले, आणि उभ्या खांबाशेजारी जो चेहरा दिसतो तो विझेल यांचा. ज्या छावणीत त्यांचे वडील गेले तीच ही छावणी असल्यामुळे दुरुस्ती छापावी, आणि ती हवामानाच्या चौकटीखाली चार ओळींत नसावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे