पॅनलवरून वाद, वायरीकडे दुर्लक्ष

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घराच्या छतावरील सौरसंचाला अनुदान देणारी ‘पीएम सूर्यघर’ योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून घरोघरी एकच वाद ऐकू येतो : पॅनल मोनो पर्क घ्यावे की टॉपकॉन? सौर सेलच्या या दोन प्रकारांतला फरक मोजून पाहता येतो. उन्हाळ्यात पॅनल ६५ अंशांपर्यंत तापते, म्हणजे चाचणीच्या २५ अंशांहून ४० अंश जास्त. दर अंशामागे पर्क साधारण ०.३५ टक्के क्षमता गमावते, टॉपकॉन ०.३०. भर दुपारी एकाचे १४ टक्के जातात, दुसऱ्याचे १२. तीन किलोवॉटचा संच दिवसाला सरासरी १२ युनिट देतो. त्यात हा फरक पाव युनिटाचा. किमतीत फारसे अंतर नसेल तर टॉपकॉन जरूर घ्या, पण त्यापायी वायर आणि अर्थिंगमध्ये काटकसर होऊ देऊ नका. अनुदानासाठी पॅनल देशी सेलचे, म्हणजे डीसीआर, लागते. ती अट मात्र कागदावर लिहून घ्या.

खरी तक्रार वेगळीच असते : ऐन दुपारी, सर्वाधिक वीज बनण्याच्या वेळी, पॅनलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारा इन्व्हर्टर वारंवार ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. दोष कंपनीला दिला जातो, पण बहुतेकदा कारण वायरीत सापडते. वीज लाइनीकडे ढकलायची तर इन्व्हर्टरला लाइनीपेक्षा थोडे जास्त व्होल्टेज ठेवावेच लागते, आणि २३० व्होल्टच्या ११० टक्क्यांवर, म्हणजे २५३ च्या पुढे गेले की त्याने नियमानुसार लाइनीपासून सुटलेच पाहिजे. तीन किलोवॉटला १३ अँपिअर वाहतात. मीटर ३० मीटर दूर असेल आणि तांब्याची २.५ चौरस मिमी वायर टाकली असेल, तर जाण्यायेण्यात जवळपास ६ व्होल्ट चढतात. सहा चौरस मिमीच्या वायरीत अडीचही चढत नाहीत. मीटरवर २४८ असतील तर पहिला संच सुटेल, दुसरा चालत राहील. म्हणून इन्व्हर्टर गच्चीवर न बसवता मीटरजवळ सावलीत बसवा आणि लांबचे अंतर डीसी वायरीने कापा. त्या बाजूला व्होल्ट पडले तर थोडी वीज वाया जाते, संच सुटत नाही. तंत्रज्ञ सेटिंगमध्ये मर्यादा वाढवून देतो म्हणाला तर नकार द्या. घरातली उपकरणेही तेच व्होल्टेज सोसत असतात. मीटरवरच २५३ च्या वर दिसत असेल तर तो प्रश्न महावितरणच्या ट्रान्सफॉर्मरचा आहे, तिथे लेखी अर्ज करा.

दुसरा वाद मायक्रो-इन्व्हर्टरचा, म्हणजे प्रत्येक पॅनलखाली बसणाऱ्या छोट्या इन्व्हर्टरचा. ‘एका पॅनलवर सावली आली की सगळी माळ बंद’ असे सांगून ते विकले जातात. प्रत्येक पॅनलमध्ये सहसा तीन बायपास डायोड असतात; सावलीतला भाग वगळून प्रवाह पुढे जातो. पॅनलची तोंडे वेगवेगळ्या दिशांना असतील किंवा दिवसभर सावली फिरत असेल तर मायक्रो योग्यच. नुसत्या टाकीच्या सकाळच्या सावलीसाठी तापत्या पॅनलखाली सहा यंत्रे बसवू नयेत, दुरुस्तीला पॅनल उचलावे लागते. त्याआधी सावली मोजा. पुण्यात २२ डिसेंबरला मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवरच असतो, म्हणजे दोन मीटर उंच टाकीची सावली उत्तरेला १.८ मीटर पडते. सकाळी नऊला आणि चारनंतर ती पुष्कळ लांबते. मे महिन्यात गच्ची पाहून जागा ठरवणारे इथेच फसतात.

वीज गेली की ऑनग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट लाइनीला जोडलेला, संच बंद पडतो, तो लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी. हा दोष नव्हे. रोज तास-दोन तास वीज जात असेल तर हायब्रिड, म्हणजे बॅटरीही जोडता येणारा सौर इन्व्हर्टर, घेण्याआधी घरातला बॅटरीवरचा साधा इन्व्हर्टर वेगळा राहू द्या. १५० अँपिअर-तासांच्या ट्युब्युलर बॅटरीत १.८ युनिट मावतात. निम्मे वापरले तरी दोन पंखे आणि चार दिवे सुमारे चार तास चालतात. फ्रिज आणि पंपही चालवायचा असेल तेव्हाच पाच युनिटांच्या लिथियम बॅटरीचा विचार करा. अनुदान संचाच्या किलोवॉटवर मिळते : पहिल्या दोनांना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००. बॅटरीला काहीच नाही. साध्या इन्व्हर्टरच्या आउटपुटवर ऑनग्रिड इन्व्हर्टर मात्र कदापि जोडू नका. जास्तीची वीज उलटी शिरून साधा इन्व्हर्टर जळतो.

आगीचा धोका दोन ठिकाणी असतो. दोन वेगळ्या कंपन्यांचे एमसी-४ जोड, म्हणजे पॅनलच्या वायरी जोडणारे प्लग, एकमेकांत बसतात, पण आतली पकड जुळत नाही आणि तो सांधा तापत राहतो. डीसी बाजूला एसीचा एमसीबी (बिघाड होताच आपोआप पडणारा स्विच) किंवा उलट ध्रुवांनी जोडलेला डीसी एमसीबी असेल, तर आतला आर्क, म्हणजे विजेची ठिणगी, विझत नाही. अर्थिंगचे खड्डे तीन हवेत : पॅनल व सांगाड्याचा, इन्व्हर्टरचा आणि आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या वीजरोधकाचा. एकाच खड्ड्यात तिन्ही तारा सोडलेल्या दिसल्या तर काम पुन्हा करून घ्या. कोटेशनमध्ये वायरीची जाडी, धातू आणि लांबी, एमसीबीचा प्रकार आणि खड्ड्यांची संख्या लिहिलेली नसेल तर त्यावर सही करू नका, आणि शेवटचा हप्ता देण्याआधी ढग नसलेल्या दुपारी इन्व्हर्टरवरचे आणि मीटरवरचे व्होल्टेज एकाच वेळी मोजून घ्या.

आपला,
छतावरील सौरसंच उभारणीतील एक तंत्रज्ञ, अकोला