लाल दोरा

प्रिय चिऊ,

तुझ्या टीबीच्या गोळ्या सुरू झाल्याचं काल फोनवर कळलं आणि माझ्या डाव्या डोळ्याची गोष्ट तुला अर्धीच सांगितली आहे, हे आठवलं.

मला टीबी झाला तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस. तिसऱ्या महिन्यात ब्लाउजला हुक लावताना लाल दोरा मळकट विटकरी दिसायला लागला. हिरवा आणि करडा दोरा तर वेगळा करताच येईना. वाचताना जिथे नजर टेकवावी नेमकं तेच अक्षर पुसल्यासारखं व्हायचं, आजूबाजूचं मात्र स्वच्छ. दुखत काहीच नव्हतं. अशक्तपणा असेल म्हणून मी तीन आठवडे गप्प बसले. ते तीन आठवडे मला आजही सलतात.

हे इथॅमब्युटॉल या टीबीच्या औषधामुळे होतं. तुझ्या गोळ्यांतही ते आहे. डोळ्यामागच्या नसेला सूज येते, बहुधा दोन्ही डोळ्यांना, आणि साधारण दोन महिन्यांनंतर. सगळ्यांनाच होत नाही गं, पण डोस जास्त असला की धोका वाढतो. डोस वजनावर ठरतो, किलोमागे 15 ते 20 मिलिग्रॅम, म्हणून वजन नीट करून घे. औषध लघवीवाटे बाहेर पडतं, तेव्हा मूत्रपिंडाची तपासणीही करून घे. आणि आताच, सगळं नीट दिसतंय तोवर, डोळ्यांच्या डॉक्टरांकडून नजर आणि रंगांची तपासणी करून ठेव. ठिपक्यांमधले आकडे ओळखायचे असतात. पुढे काही बदललं तर ताडून बघायला तेच उपयोगी पडतं. सुरुवातीला डोळ्याचा पडदा तपासला तरी सगळं ठीकच दिसू शकतं, म्हणून तुला काय दिसतंय तेच महत्त्वाचं.

लघवी नारिंगी झाली तर घाबरू नकोस, ते रिफॅम्पिसिन या टीबीच्याच दुसऱ्या औषधामुळे.

पण रंग फिके वाटले किंवा अक्षरं धूसर झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठ. इथॅमब्युटॉल लवकर थांबवलं तर बहुतेकांची नजर काही महिन्यांत परत येते. माझा उजवा डोळा सुधारला, डाव्याच्या मधोमध अजून धुकं आहे. मात्र घाबरून स्वतःच्या मनाने सगळ्या गोळ्या बंद करू नकोस. काय थांबवायचं आणि त्याऐवजी काय द्यायचं, ते डॉक्टर ठरवतील.

रोज सकाळी एक डोळा झाकून चार ओळी वाच, मग दुसरा. पत्रासोबत लाल दोऱ्याची गुंडाळी पाठवते आहे. ती कशी दिसते ते दर रविवारी मला सांगायचं.

तुझी,
आई