याला तर पंखे आहेत!

मा. मुरलीधर मोहोळ,
नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री, भारत सरकार

स. न. वि. वि.

मोहोळ साहेब, जळगावहून विमानात चढताना आई शिडीपाशीच थबकली. “अरे, याला तर पंखे आहेत! जुनं विमान दिलं का आपल्याला?” मी सांगितलं, हे एटीआर ७२-६००. अजूनही नवं बनतं. पंख्यांमागे टर्बाइन इंजिनच असतं, जवळच्या अंतरासाठी जेटपेक्षा इंधन कमी लागतं आणि आखूड धावपट्टीही पुरते. तिला काही ते पटलं नाही.

आईचं सोडा. पण आधुनिक म्हणजे मोठं, हा समज आपल्याकडे वरपर्यंत आहे. २०२३ मध्ये एअर इंडियानं ४७० विमानं मागवली, इंडिगोनं एका दमात ५००. आम्हीही टाळ्या वाजवल्या. त्या दोन्ही याद्यांत पंख्यांचं एकही विमान नव्हतं. आपण तालमीत घडलेले आहात. जोड वजन बघून लावतात, हे आपल्याला मी काय सांगणार? मार्गाचंही तसंच आहे.

आमच्या विमानतळाचं उद्घाटन २०१२ मध्ये प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना झालं. पहिली काही वर्षं तिथे शांतताच होती. डिसेंबर २०१७ मध्ये, छोट्या शहरांच्या विमानसेवेला अनुदान देणाऱ्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेतून एअर डेक्कनचं छोटं विमान आलं नि गेलं. मग ट्रुजेटचं एटीआर आलं. २०२२ मध्ये ती कंपनीच थांबली. हे एकट्या जळगावचं रडगाणं नाही. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचा २०२३ चा अहवाल सांगतो की ‘उडान’च्या मार्गवाटपाच्या तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले, त्यांतल्या ११२ मार्गांनीच तीन वर्षं पूर्ण केली.

प्रवासी नाहीत, हे कारण नेहमी पुढे केलं जातं. काही ठिकाणी ते खरंही असेल. पण छोट्या कंपनीकडे विमानंच मोजकी असतात. त्यातलं एक सुट्या भागासाठी अडकलं, की वेळापत्रकातून आधी कोणतं गाव उडतं? जिथे आठवड्यातून तीनच फेऱ्या आहेत, ते. असं दोनदा झालं की लोक मुकाट्यानं रात्रीची रेल्वे धरतात, आणि मग खरोखरच प्रवासी उरत नाहीत.

म्हणून मागणी दोनच गोष्टींची. अनुदान देताना राखीव विमानाची अट घाला, आणि त्याचा काही खर्च सरकारनं उचलावा. दुसरी गोष्ट सुट्या भागांची. इंडिगो, अलायन्स एअर, फ्लाय९१, तिघांकडेही एटीआर ७२-६०० आहे. मग त्यांना सामायिक भांडार आणि दुरुस्तीची सोय नागपूर विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पात किंवा नाशिकजवळच्या ओझरला का करता येऊ नये? अलायन्स एअर तर सरकारचीच आहे. सुरुवात तिथून करता येईल.

एटीआरइतकेही प्रवासी नसतील, तिथे हिंदुस्तान एरोनॉटिक्स (एचएएल) या सरकारी कंपनीचं कानपूरला बनणारं छोटं डॉर्निअर विमान आहेच. २०२२ पासून ते अरुणाचलात प्रवासी नेतं आहे. आमच्याकडे आलं तर आई त्यालाही जुनंच म्हणेल. म्हणू दे. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी उडालं म्हणजे झालं.

आपला,
जळगावचा एक प्रवासी