तीनपायी हत्ती आणि इतर मंडळी

प्रिय मंदार,

तुझं पत्र आलं तेव्हा मी जमिनीवर पालथा पडलो होतो. मी पूल होतो. माझ्या पाठीवरून एक अग्निशामक, एक गाय, एक डायनासोर आणि तीन पायांचा हत्ती पलीकडे जात होते. पुलाने हलायचं नसतं, बोलायचं नसतं आणि पत्रंही वाचायची नसतात, असा हुकूम होता. म्हणून उत्तराला उशीर.

तू लिहिलंस, ‘पोरगा हातात गाय देतो, मी हंबा करतो, आणि पुढे काय करायचं ते सुचतच नाही. मिनिटाभरात मी घड्याळ बघायला लागतो.’ वाचून हसलो, कारण सई तुझ्या मुलाएवढी होती तेव्हा माझी गत याहून वाईट होती. मला वाटायचं, आपण बाप आहोत, तेव्हा खेळातून चार गोष्टी शिकवायला हव्यात. गाय घेतली की लगेच, ‘गायीला पाय किती? रंग कुठला?’ खेळ कसला, तोंडी परीक्षाच ती. सई दोन उत्तरं द्यायची आणि गाय उचलून दुसऱ्या कोपऱ्यात निघून जायची.

एकदा तर मी हद्द केली. अग्निशामक डायनासोरवर बसून आग विझवायला निघाला होता. मी मध्येच म्हणालो, ‘अगं, डायनासोर तर ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच संपले. तेव्हा माणसं नव्हतीच.’ तिने शांतपणे माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘हो. पण हा नाही संपला.’ आणि स्वारी पुढे गेली. त्या दिवसापासून मी प्राचार्यपदाचा राजीनामा दिला.

मग मला एक युक्ती सापडली, तीच तुला सांगायची आहे. हातातली बाहुली खाली न ठेवता, आवाज बारीक करून हळूच विचारायचं, ‘मी आता काय म्हणू?’ बस्स. मुलं याचीच वाट बघत असतात. ‘तू म्हण, मला घरात घ्या. मग मी नाही म्हणणार. मग तू परत म्हण.’ तुला काही सुचायची गरजच नाही. गोष्ट त्याच्याकडे तयार असते, त्याला हवा असतो सांगितलेलं ऐकणारा एक नट. तुझा अडीच वर्षांचा आहे, तो एवढी लांब वाक्यं बोलणार नाही. तो नुसता गायीला ढकलून पाडेल आणि तुझ्याकडे बघेल. तू ‘अगंबाई, पडली!’ म्हणायचंस. तो पुन्हा पाडेल. हा प्रयोग सलग चाळीस वेळा होईल, मनाची तयारी ठेव.

सई बोलायला लागल्यावर एक गंमत लक्षात आली. खेळाची जुळवाजुळव करताना ती भूतकाळात बोलते. ‘हा हरवला होता हं. आणि ही त्याची आई होती, पण तिला माहीतच नव्हतं.’ आणि खेळ सुरू झाला की एकदम वर्तमानात, बारीक आवाजात, ‘आई, तू कुठे आहेस?’ एका वाक्यात दिग्दर्शक, पुढच्यात नटी. मध्ये पडदा पडत नाही, घंटा होत नाही, तरी तिचा कधी घोटाळा होत नाही. घोटाळा माझाच होतो. मी हत्तीच्या आवाजात विचारतो, ‘सई, शू लागली का?’ आणि ती वैतागते, ‘हत्ती नाही विचारत असं! बाबा विचारतो!’

एवढ्याशा मुलांना हे खोटंखोटं कळतं का, असं तुला वाटत असेल. अ‍ॅलन लेस्ली नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा एक साधा प्रयोग आहे. जेमतेम दोन-अडीच वर्षांच्या मुलांसमोर दोन रिकाम्या कपांत खोटंखोटं काहीतरी ओतायचं. मग एक कप उलटा करायचा, हलवायचा, पुन्हा सरळ ठेवायचा. आता विचारायचं, रिकामा कप कुठला? खरं तर दोन्ही रिकामेच. पण मुलं उलटा केलेला कप दाखवतात. करून बघ घरी. मी केला होता. सईने रिकामा कप दाखवला, आणि जमिनीवर सांडलेलं नसलेलं पाणी माझ्याकडून फडक्याने पुसून घेतलं.

आता एक जरा वेगळी गोष्ट. मध्यंतरी तिची रक्ततपासणी झाली. सुई दोनदा टोचावी लागली, आम्ही दोघांनी तिला धरून ठेवलं होतं. तिचा तो आवाज अजून कानात आहे. दोन दिवसांनी जमिनीवर दवाखाना उघडला. डॉक्टर डायनासोर, सुई म्हणजे पेनाचं टोपण. पहिला रुग्ण माझा हत्ती. मला वाटलं, आलीये संधी, जरा धीर देऊ. मी हत्तीच्या आवाजात म्हणालो, ‘मला नाही दुखलं! मी शूर आहे!’ सईने टोपण खाली ठेवलं. ‘नाही. दुखतं. रड.’

मी रडलो. हत्ती रडला, गाय रडली, अग्निशामकाला दोघांनी धरून ठेवावं लागलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच, आणि खोटं कशाला बोलू, मला कंटाळा आला होता, थोडी भीतीही वाटली होती. चौथ्या दिवशी डायनासोरने टोपण उचललं आणि म्हणाला, ‘थांब, आधी सांगतो. आता टोचणार आहे.’ आम्ही तिला हे सांगितलं नव्हतं. त्या दिवशी दवाखान्यात तिला कोणीच काही सांगितलं नव्हतं.

नंतर वाचताना कळलं की या गोष्टीवर कोणीतरी आयुष्य घालवलंय. मार्गारेट लोवेनफेल्ड ही लंडनची डॉक्टर. १९२० च्या दशकाच्या अखेरीस तिने आपल्या दवाखान्यात वाळूचे ट्रे आणि छोट्या खेळण्यांनी भरलेली कपाटं ठेवली. माणसं, प्राणी, झाडं, घरं, कुंपणं. मुलं ट्रेमध्ये जे मांडायची त्याला ती मुलंच ‘जग’ म्हणायला लागली. तिला ही कल्पना सुचली ती एच. जी. वेल्सच्या १९११ च्या एका पुस्तकावरून. या लेखकाने आपल्या दोन मुलांबरोबर जमिनीवर मांडलेल्या खेळांचं त्यात वर्णन आहे. त्यात त्याची तक्रार अशी की दुकानांत शिपाईच शिपाई मिळतात, साधी नागरिक माणसं मिळत नाहीत. मला ती तक्रार फार पटली. आमच्याकडेही लढवय्ये ढीगभर आहेत आणि आजी एकही नाही. सध्या एक मोठं बटण आजी आहे. चार भोकांची, मऊ स्वभावाची.

तेव्हा फार खेळणी आणू नकोस. सात-आठ पुरेत, आणि त्यात एखादी मोडकी असलीच पाहिजे, कारण जखमी कोणीतरी लागतोच. आणि ऐक, तुझा अजून तीनचा नाही. जी वस्तू टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून आरपार जाते ती त्याच्या घशातही जाऊ शकते, ती सध्या वरच्या फळीवर. आमची बटणाची आजीसुद्धा तुमच्याकडे चालणार नाही.

कंटाळ्याचं म्हणशील तर तो येतो. मला आजही येतो. मी वीस मिनिटं फोन दुसऱ्या खोलीत ठेवतो आणि मग सरळ सांगतो, ‘पूल आता दुरुस्तीला जाणार.’ तिला ते चालतं. अर्धवट मनाने हत्ती धरून बसलेलं मात्र तिला एका क्षणात कळतं. मग ती माझ्या हातातून हत्ती काढून घेते आणि स्वतःच दोन्ही आवाज काढते.

घरी सगळ्यांना नमस्कार सांग. पुढच्या पत्रात तुला कुठली भूमिका मिळाली ते लिही.

तुझा,
विनय

ता. क. हत्तीचा चौथा पाय आज कपाटामागे सापडला. मी गोंद घेऊन आलो, तर सईने पाय मुठीत लपवला. म्हणाली, ‘त्याला विचारलंस का?’ विचारलं. हत्ती नको म्हणाला. पाय आता बटणाच्या आजीचं बाळ आहे.