लुईबर्गचा चिखल

महोदय,
१७४८च्या एक्स-ला-शापेल तहात इंग्रजांना मद्रास परत मिळाले, हे आपल्याकडे ठाऊक असते. त्याच तहात फ्रेंचांना आजच्या कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावरचे लुईबर्ग हे तटबंदीचे गाव परत मिळाले, हे सहसा सुटते. १७४५ मध्ये पेपरेल या व्यापाऱ्याच्या हाताखाली न्यू इंग्लंडच्या (अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींच्या) सुमारे ४,००० कच्च्या शिपायांनी हा किल्ला घेतला होता. समुद्रातून वॉरनच्या इंग्रज आरमाराची नाकेबंदी होती. जमिनीकडून दलदल, तिथून तोफा येणारच नाहीत असा फ्रेंचांचा हिशेब. पहिली तोफ गाड्यासकट गडप झालीही! मग मेझर्व्ह या जहाजबांधणाऱ्याने १६ फूट लांब, ५ फूट रुंद लाकडी घसरगाड्या केल्या. चिखलात बैलांचा उपयोग नव्हता. छातीला पट्टे बांधून २००-२०० माणसांनी त्या ओढल्या.

फ्रेंचांनी रॉयल बॅटरी हा गावाबाहेरचा तोफांचा मोर्चा सोडताना तोफांच्या कानात (बत्ती देण्याच्या छिद्रात) खिळे ठोकले, पण गाडे आणि तोफ गाड्यावर टेकवणारे बाजूचे खुंट शाबूत ठेवले. शुद्ध घाई! न्यू इंग्लंडच्या बंदूककारागिरांनी कान पुन्हा उघडले आणि त्याच ४२ पौंडी (४२ पौंडांचा गोळा फेकणाऱ्या) तोफा गावावर डागल्या. नवख्या गोलंदाजांनी दुप्पट दारू ठासल्याने काही तोफा फुटल्या, ते वेगळेच. न्यू इंग्लंडचे वेढ्यात मेले त्याच्या कित्येक पट लोक पुढच्या हिवाळ्यात रोगराईने गेले.

– एक वाचक, पुणे